बोट लागण्यापूर्वी वाचावे

विषय : लहान मुलांसह प्रथमच क्रूझवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी मार्गदर्शक सूचना.

संदर्भ : १) साडूंचे सत्तावीस व्हॉइस मेसेज. २) आईचा एका ओळीचा शेरा. ३) स्वानुभव, दोन रात्री व तीन दिवस.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, टोकावडे व पंचक्रोशीतील ज्या कुटुंबांना मुंबईहून जहाजाने गोव्याला जाऊन परत यावयाचे आहे, त्यांनी खालील सूचनांचे काटेकोर पालन करावे. पालन न केल्यास होणाऱ्या परिणामांस प्रस्तुत लेखक जबाबदार राहणार नाही. पालन केल्यासही राहणार नाही.

मी शाळामास्तर. बावीस वर्षं दुसऱ्यांची परिपत्रकं वाचतोय, एखादं आपणही काढावं अशी हौस होतीच. त्यात गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच जण (मी, बायको, सात वर्षांची थोरली, चार वर्षांचा धाकटा आणि आई) जहाजावर जाऊन आलो, आणि तेव्हापासून स्टँडवर चहा प्यायला बसलं की कोणी ना कोणी विचारतंच, ‘सर, बोटीचं कसं असतं हो?’ प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला. म्हणून हे लेखी.

आता कोणी म्हणेल, टोकावड्याचा आणि समुद्राचा संबंध काय? एका अंगाला मुरबाड, दुसऱ्या अंगाला माळशेजचा डोंगर, मधून कल्याण-नगर रस्ता. तालुक्यात रेल्वे अजून यायची आहे. पण संबंध आहे आणि तो जुना आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल आमच्याच दारावरून वैशाखऱ्याला जाई आणि तिथून नाणेघाट चढून जुन्नरला. म्हणजे बंदरावरच्या वस्तू दोन हजार वर्षं आमच्याकडे येतच होत्या. आम्ही तिकडे जायला थोडा उशीर केला, एवढंच. आमच्या तालुक्यातली भेंडीसुद्धा आमच्याआधी आखातात जाऊन आली.

सूचना क्र. १ : तिकीट. नाणेघाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं आपण सहलीला आलेल्या मुलांना सांगतो. क्रूझच्या जाहिरातीतला आकडा हा त्या रांजणाचा तळ समजावा. त्यावर बंदराचं शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी असे थर चढत जातात. सातवाहनांनी निदान एकच रांजण ठेवला होता. इथे खोलीच्या पैशात काय येतं आणि काय येत नाही, हे आधी लेखी मागून घ्यावं. साधं जेवण येतं, बाटलीबंद थंड पेय येत नाही, आणि मुलांना नेमकं तेच हवं असतं. गळ्यात एक कार्ड अडकवतात. ते दाखवलं की वस्तू मिळते, पैसे द्यावे लागत नाहीत. धाकट्याला वाटलं, फुकट आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

हंगाम हिवाळ्याचा धरावा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात बोटी धक्क्याला बांधलेल्या बऱ्या. नारळी पौर्णिमेआधी कोळीसुद्धा दर्यावर जात नाही, आपण तर पावसात माळशेज उतरायलाही घाबरणारी माणसं.

सूचना क्र. २ : सल्लागार. प्रत्येक कुटुंबात आपल्याआधी क्रूझ करून आलेला एक साडू असतो. आमचे कल्याणला असतात, सिंगापूरहून करून आले. मी तिकीट काढल्याचं बायकोने तिच्या बहिणीला सांगितलं आणि तासाभरात पहिला व्हॉइस मेसेज आला : ‘साडूभाऊ, मी सांगतो तसं करा.’ एकूण सत्तावीस. सगळे मिळून एक तास चाळीस मिनिटं. घड्याळ लावून ऐकले. त्यांत जहाजात किती मजले, कॅप्टनबरोबर फोटो कसा काढायचा, सूट कुठून भाड्याने आणायचा हे सगळं होतं. मुलांना उलटी झाली तर काय करायचं, हे एकातही नव्हतं, कारण ते गेले होते ऑफिसच्या खर्चाने, एकटे.

सूचना क्र. ३ : खोली. साडू म्हणाले, सगळ्यात वरची, गॅलरीवाली, पुढच्या टोकाची घ्या, समुद्र काय दिसतो! आई तेव्हा तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘मधली घे आणि खालची घे.’

इथे आईविषयी थोडं सांगणं प्राप्त आहे. वडील शिक्षक म्हणून मुरबाड तालुक्यात आले आणि इथलेच झाले, पण आई देवगडची. आजोबा मुंबईला गिरणीत. त्यामुळे लहानपणी तिची मुंबईला ये-जा बोटीनेच. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग करत खाली गोव्याला जायची. कित्येक ठिकाणी धक्का नव्हताच. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. माणसं, बोचकी, कोंबड्या, फणस आणि रडणारी पोरं हातोहात पडावात उतरवायची. ती बोटसेवा बंद पडून तीन दशकांच्या वर झाली. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली, तेव्हा आईने पेपरातला फोटो कापून देवाच्या पोथीत ठेवला. मी म्हणालो, पुढच्या वर्षी जाऊ. त्याच्या पुढच्या वर्षीही म्हणालो. मग २०२० आलं. तो कागद पोथीत तसाच राहिला.

तर, मधली आणि खालची. शास्त्र सोपं आहे आणि ते एसटीने शिकवलेलं आहे. माळशेज चढताना मागच्या चाकावरच्या सीटवर बसलेल्याचं काय होतं? जहाजाचंही तसंच : टोकं वर-खाली होतात, मधला भाग कमी हलतो, आणि जितकं वर जावं तितका झोका मोठा. आम्ही शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या. एकीत आई आणि थोरली, दुसरीत उरलेले. गॅलरी घेतलीच, तर तिथल्या खुर्च्या आत ओढून ठेवाव्यात. चार वर्षांच्या मुलाला खुर्ची ही बसायची वस्तू वाटत नाही, शिडी वाटते.

सूचना क्र. ४ : सदर सूचना बायकोने मसुदा वाचल्यानंतर रद्द करण्यात आली आहे.

सूचना क्र. ५ : कागदपत्रे. मुलांचंसुद्धा ओळखपत्र लागतं. आधार आणि जन्मदाखला, मूळ प्रती. झेरॉक्सवर ‘साक्षांकित’ असा शिक्का मी स्वतः मारून नेला होता. त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

सूचना क्र. ६ : खाऊ. घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. ही बातमी आईला निघायच्या आदल्या रात्री सांगण्याची चूक करू नये. तोवर तांदळाच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि रव्याचे लाडू असा एक डबा भरून झालेला असतो. तो डबा कल्याण ते मुंबई लोकलमध्ये संपवावा लागतो. सकाळच्या गर्दीत लोणच्याची फोड हातात धरून उभं राहणं हा वेगळ्या परिपत्रकाचा विषय आहे. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं मात्र चालतात, आधी विचारून घ्यावं. आईने सुरक्षा तपासणीत आमसुलांची पुडी काढून दाखवली आणि ठणकावून सांगितलं, ‘औषध.’ तपासणाऱ्या पोरीने सोडली. तिची आजीही कोकणातली असावी. इस्त्री आणि पाणी तापवायची किटली बॅगेत घालूच नयेत, त्या काढून घेतात. हे मी ऐकीव सांगत नाही.

सूचना क्र. ७ : वेळ. बॅलार्ड पिअरला दोन-तीन तास आधी पोचावं. जहाज म्हणजे मुरबाड आगाराची गाडी नव्हे, की सुटल्यावर हात केला आणि कंडक्टरने दोरी ओढली. मोठ्या बॅगा खालीच घेतात आणि खोलीत संध्याकाळपर्यंत कधीतरी येतात. तेव्हा मुलांचे पोहायचे कपडे, औषधं आणि एक जास्तीची चड्डी हातातल्या पिशवीत ठेवावी. ही या परिपत्रकातली सर्वांत मोलाची ओळ आहे. बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.

सूचना क्र. ८ : भोंगा. जहाज सुटण्याच्या सुमारास भोंगा वाजतो आणि सगळ्यांना ठरलेल्या ठिकाणी जमवून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. साडूंचा अकरावा मेसेज : ‘त्या वेळी जेवायला जायचं, गर्दी नसते.’ असं अजिबात करू नये. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो माणसांचा हा सराव व्हायचाच होता. बत्तीस जण गेले. त्यानंतर सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेण्याचा नियम झाला. आणि इतकं लांब जायला नको. आईच्या माहेरी ‘रामदास’ हे नाव संताचं म्हणून निघे तितकंच बोटीचं म्हणूनही निघे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वाटेतच बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. सराव चालू असताना आई एकटीच अशी होती, जी हसत नव्हती आणि मोबाइलवर फोटो काढत नव्हती. तिने थोरलीच्या जॅकेटचे बंद दोनदा ओढून पाहिले. मुलांच्या मापाचं जॅकेट वेगळं असतं, ते मागून घ्यावं. त्याला शिट्टी असते. ती धाकट्याच्या हाती लागू देऊ नये.

सूचना क्र. ९ : दार. जहाजातले बोळ म्हणजे आमच्या शाळेच्या खोल्यांसारखे, सगळे एका रंगाचे. मोठी माणसं चुकतात, तिथे मुलांचं काय. उपाय : खोल्यांची दारं बहुधा लोखंडी असतात, त्यांना चुंबक चिकटतं. आम्ही घरच्या फ्रिजवरचा टिटवाळ्याच्या गणपतीचा चुंबक नेला होता, तो आईच्या खोलीवर लावला. थोरली दुसऱ्या खेपेपासून एकटी यायला लागली. अडचण एवढीच, की तिसऱ्या दिवशीपर्यंत त्या मजल्यावरचे पाच-सहा प्रवासी जाता-येता दाराला नमस्कार करू लागले आणि आई आतून ‘कोण आहे?’ म्हणून दार उघडू लागली. डेकवर उघडणारी दारं जड असतात आणि वाऱ्याने आपटतात. मुलांची बोटं सांभाळावीत. त्या दारांना उंबरठे उंच असतात. आईला हे फार आवडलं. ‘बघ, यांच्यात अजून उंबरा ठेवतात,’ म्हणाली.

सूचना क्र. १० : पाणी. जहाजावर समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात, आणि नळ चोवीस तास. धाकट्याने नळ सोडला तो सोडलाच. मी ओरडलो. बायको म्हणाली, अहो, इथे काय तुटवडा आहे? खरं आहे. इथे नाही. तुटवडा आमच्याकडे आहे. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणं आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात. तिथलं पाणी नळातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. खारं पाणी गोडं करायची मशिनं बोटीवर बसतात, मग… असो. परिपत्रकात असं लिहायचं नसतं. मी नळ बंद केला.

सूचना क्र. ११ : तलाव. जहाजावर पोहायचा तलाव असतो, त्याच्याभोवती आडवं व्हायच्या खुर्च्या असतात आणि सकाळी सातला त्या सगळ्या भरलेल्या असतात. माणसांनी नव्हे, टॉवेलांनी. मला गहिवरून आलं. कल्याण स्टँडला खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा आपला समाज समुद्रातसुद्धा आपली रीत विसरलेला नाही! आईने सांगितलं की जुन्या बोटीवर डेकच्या प्रवाशांचं असंच असायचं. आधी एक धडधाकट मामा धावत जाऊन वळकटी पसरायचा आणि मागून बाया-पोरं सावकाश यायची. ‘टॉवेल काय, उडून जातो. वळकटी पाहिजे,’ हे तिचं तज्ज्ञ मत. लंगोटातल्या मुलाला तलावात सोडू नये. आणि तिथे लक्ष ठेवायला माणूस असेलच असं धरू नये. तो माणूस आपण.

सूचना क्र. १२ : जेवण. इथे मी माझी स्वतःची खोड कबूल करतो. पैसे भरले की ते वसूल झाले पाहिजेत, हा माझा स्थायिभाव आहे. लग्नात आहेर दिला की मी दोनदा जिलबी घेतो. जहाजावर सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत कुठे ना कुठे ताटं मांडलेली असतात. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला होता, माणशी किती खाल्लं की तिकीट फिटतं. त्या हिशेबाने धाकट्याने तीन दिवसांत सुमारे सहा किलो अन्न खाणं अपेक्षित होतं. प्रत्यक्षात त्याने काय खाल्लं याची नोंद : वरण-भात (तूप घालून) पाच वेळा, पपईच्या फोडी, तळलेले बटाटे, आणि कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकवरची चेरी. तूट भरून काढण्याची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. मी ती पहिल्या संध्याकाळी मन लावून पार पाडली. इटालियन, चिनी, पंजाबी, जैन, सगळ्या काउंटरना न्याय दिला. पुढची सूचना त्याचाच परिणाम आहे.

सूचना क्र. १३ : बोट लागणे. मराठीत बोट धक्क्यालाही लागते आणि माणसालाही लागते. दुसऱ्या प्रकाराबद्दल. पोट रिकामंही नको, तुडुंब तर नकोच. कोरडं, हलकं खावं. पुस्तक आणि मोबाइल खाली ठेवून मोकळ्या हवेत उभं राहावं आणि जिथे आकाश पाण्याला टेकतं त्या रेषेकडे बघावं, कारण तेवढीच एक गोष्ट हलत नसते. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू होण्याआधी. मुलांना डॉक्टरांना विचारून, आणि नेहमीच्या गोळ्यांतल्या काही दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत, हे ध्यानात ठेवावं. मुलांसाठी मी सहा पिशव्या, दोन टॉवेल आणि आल्याच्या वड्या असा सरंजाम नेला होता. मुलांना काही झालं नाही. घाटातल्या गाड्यांनी त्यांची आतडी घडवली आहेत. सहाच्या सहा पिशव्या मलाच लागल्या. रात्री दहा वाजता मी खोलीतल्या फरशीवर बसलेलो, धाकटा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणतोय, ‘बाबा, रेषेकडे बघा,’ आणि खोलीला खिडकीच नाही. आईने काही न बोलता अर्धं आमसूल तोंडात घातलं. अर्ध्या तासाने मी माणसात आलो.

सूचना क्र. १४ : फोन. किनारा सुटला की फोन विमानवाल्या मोडवर टाकावा. नाहीतर तो जहाजाच्याच टॉवरला गुपचूप जोडला जातो, पुढे उपग्रहावरून बोलतो, आणि बिल घरी येतं. साडूंच्या सत्तावीस मेसेजांत हे नव्हतं. का नव्हतं, ते मेहुणीने बायकोला सांगितलं. आकडा पाच अंकी होता. मी हे कोणाला सांगणार नव्हतो.

सूचना क्र. १५ : गोवा. गोवा होतं तिथेच होतं. सहा तासांत एक देऊळ, एक चर्च आणि टॅक्सीवाल्याशी एक वाद होतो.

सूचना क्र. १६ : परत आल्यावर. एक-दोन दिवस जमीन हलते. हे कोणी सांगितलेलं नसतं. सोमवारी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवताना मी फळ्यासमोर सावकाश डुलत होतो. मुख्याध्यापक दारातून जाताना थांबले, वास घेतल्यासारखं केलं आणि काही न बोलता पुढे गेले. रजेच्या अर्जात कारण ‘कौटुंबिक’ असं मोघम न लिहिता ‘जलप्रवास’ असं स्पष्ट लिहावं.

सूचना क्र. १७ : रात्रीची वेळ. लहान मुलांना दहानंतर डेकवर नेऊ नये. वारा असतो, फरशी ओली असते, प्रकाश कमी असतो. या सूचनेला एक अपवाद झाला, तो नोंदवून ठेवतो.

जाताना पहिल्याच रात्री, चारच्या सुमाराला मला जाग आली. पोट रिकामं झाल्यावर झोप कशी लागणार? बाहेर आलो तर आईच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं, आत दोन्ही बिछाने घड्या घालून ठेवलेले. काळजात चर्र झालं. लिफ्टची वाट न बघता जिने चढत वर गेलो. डेकच्या डाव्या कठड्याला, किनाऱ्याच्या बाजूला, दोघी उभ्या. आईने नऊवारीचा पदर कानांवरून घट्ट घेतलेला, काखेत तिची कापडी पिशवी. थोरली स्वेटर, कानटोपी, बूट घालून एकदम तयार. शाळेला सात हाका मारून न उठणारी मुलगी.

‘अगं, काय करताय इथे?’

‘हळू बोल,’ आई म्हणाली. ‘देवगड इला.’

पन्नास वर्षं टोकावड्यात काढलेल्या बाईच्या तोंडून तो ‘इला’ मी पहिल्यांदा ऐकला. दूर काळोखात एक दिवा लागत होता, विझत होता. देवगडचाच होता की आणखी कुठला, हे सांगायला माझ्याकडे नकाशा नव्हता आणि विचारायची छातीही झाली नाही. थोरली दोन उजेडांच्या मधले आकडे मोजत होती, हलक्या आवाजात, दर वेळी पहिल्यापासून. खाली इंजिनाची घरघर एकसारखी चालू होती.

‘आजी, आपली बोट थांबतच नाहीये.’

‘थांबतली,’ आई म्हणाली. ‘पडाव येवक नाय अजून.’

थोरली खाली बसली आणि बुटाची सुटलेली नाडी बांधायला लागली.